माजी सैनिक टिकत नाहीत, तर प्रशिक्षण नेमकं कशाचं द्यायचं?

पत्र

नमस्कार. मी शिरवळजवळ गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मनुष्यबळ विभागात काम करते. गेल्या दोन वर्षांत आम्ही आसपासच्या गावांतले बरेच माजी सैनिक घेतले. कुणी स्टोअरला, कुणी मेंटेनन्सला, कुणी डिस्पॅचला, बाकीचे गेटवर. माणसं वेळेवर येतात, दांड्या मारत नाहीत, कामात चोरी नाही. तरीही निम्मी वर्षाच्या आत सोडून गेली. आमचे सुपरवायझर म्हणतात, ‘ही माणसं ताठ आहेत. सांगितल्याशिवाय हलत नाहीत, आणि बोललं की राग येतो.’ सोडून जाणारे खरं कारण सांगत नाहीत. ‘घरची शेती बघायची आहे’ एवढंच. मागच्या महिन्यात स्टोअरमधल्या एका निवृत्त हवालदारांवर शिफ्ट सुपरवायझर सगळ्या कंत्राटी पोरांसमोर ओरडला. ते एक शब्द बोलले नाहीत. शिफ्ट पूर्ण केली, ओळखपत्र टाइम ऑफिसात ठेवलं आणि दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत. आता प्लान्ट हेड म्हणतात की सुपरवायझरांना एक दिवसाचं प्रशिक्षण द्या, एखाद्या निवृत्त अधिकाऱ्याचं व्याख्यान ठेवा आणि १५ ऑगस्टला सगळ्यांचा सत्कार करू. मला हे पुरेसं वाटत नाही. शिवाय दोन सुपरवायझर उघडच विचारतात, ‘यांच्या डोक्यात लढाईचं काही बसलेलं असलं तर?’ त्यांना काय सांगू?
– एक वाचक, शिरवळ

उत्तर

नमस्कार.

तुम्हाला जे पुरेसं वाटत नाही ते पुरेसं नाहीच. त्या हवालदारांनी अपमान झाल्यावरही शिफ्ट पूर्ण केली, हे तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाक्य वाटतं. तुमच्या सुपरवायझरांना काय शिकवायचं, ते बरंचसं त्यातच आहे.

पलटणीत तक्रारीचा रस्ता ठरलेला असतो. आधी सेक्शन कमांडर, मग प्लाटून, मग कंपनी कमांडर. त्याहून वर जायचं तर रीतसर अर्ज करून भेट मागायची. शिवाय सैनिक संमेलन असतं, त्यात खुद्द कमांडिंग ऑफिसर समोर बसून जवानांचं ऐकतात. मधली पायरी ओलांडणं म्हणजे बेशिस्त, हे पंधरा-वीस वर्षांत अंगात भिनतं. आता तुमच्या स्टोअरमध्ये या. हवालदारांचा वरिष्ठ एकच, शिफ्ट सुपरवायझर. आणि तक्रार त्याच्याचबद्दलची. तुमच्याकडे यावं, असं त्यांच्या मनातही आलं नसेल, कारण त्यांच्या हिशेबात ते वरिष्ठाच्या डोक्यावरून जाणं झालं. मग उरलं काय? गिळायचं, नाहीतर शांतपणे निघून जायचं. जाताना हातातलं काम अर्धवट टाकायचं नाही, एवढं मात्र त्यांनी पाळलं. ‘घरची शेती’ हे कारण तुम्हाला इतक्यांदा ऐकू येतं त्यामागेही बहुतेक हेच असावं.

म्हणून प्रशिक्षणातली पहिली गोष्ट अशी. माजी सैनिक गप्प आहे, ‘ठीक आहे साहेब’ म्हणतो आहे, याचा अर्थ त्याला मान्य आहे असा धरायचा नाही. आणि दुसरा दरवाजा आहे हे त्याला त्याच्याच सुपरवायझरने पहिल्या आठवड्यात सांगायचं. ‘माझ्याबद्दल काही असेल तर एचआरच्या मॅडमकडे थेट जा. मला न विचारता जा. इथे ती बेशिस्त धरत नाहीत.’ हे वाक्य तुम्ही नोटीस बोर्डावर लावलंत तर काही उपयोग होणार नाही. ते सुपरवायझरच्या तोंडून आलं, तरच त्या माणसाला परवानगी मिळाल्यासारखं वाटेल. प्रशिक्षणात प्रत्येक सुपरवायझरकडून ते मोठ्याने म्हणवून घ्या. अवघडतील. पहिल्यांदा इथे अवघडलेले बरे.

आता ‘सांगितल्याशिवाय हलत नाहीत’ या तक्रारीकडे. दहा माणसांचं सेक्शन सांभाळलेला, बर्फात चौकी चालवलेला नायक किंवा हवालदार स्वतःहून काही करू शकत नाही, हे पटण्यासारखं आहे का? अडचण वेगळीच असते. लष्करात काम देताना ठरावीक क्रमाने सांगतात: परिस्थिती काय आहे, आपलं काम काय, ते कसं पार पाडायचं, सामान-जेवण कुठून येणार आणि संपर्क कुणाशी ठेवायचा. एवढं कळलं की पुढचं तो स्वतः बघतो. आपल्या शॉप फ्लोअरवर मात्र काम दिलं जातं ते असं: ‘मेजर, ते पॅलेटचं जरा बघून घ्या ना.’ कुठली पॅलेट, किती वाजेपर्यंत, फोर्कलिफ्ट कुणाची घ्यायची, माल कमी निघाला तर अडवायचा की सोडायचा, कशाचाच पत्ता नाही. जुना कामगार अंदाजाने करतो, कारण त्याला या जागेचा अंदाज आहे. नव्याने आलेल्या फौजी माणसाला आपला अधिकार कुठपर्यंत आहे हेच माहीत नसतं, आणि अधिकार नसताना हात घालणं ही त्याच्या लेखी चूक. तो थांबतो. सुपरवायझरला ते ताठपण दिसतं.

हे बोलून पटत नाही, करून बघावं लागतं. सुपरवायझरांना त्यांनी आदल्या दिवशी दिलेल्या तीन सूचना आठवून कागदावर लिहायला सांगा, जशा तोंडून गेल्या तशाच. मग त्या ज्या पद्धतीने द्यायला हव्या होत्या तशा पुन्हा लिहायला लावा. शेवटी एक ओळ हवीच: ‘एवढ्यापर्यंत तुम्ही स्वतः ठरवा, याच्या पुढे गेलं तर मला फोन करा.’ ही सवय लागली तर तिचा फायदा माजी सैनिकांपुरता राहणार नाही. गावातून नव्याने आलेला आयटीआयचा मुलगाही याच धुक्यात चाचपडत असतो, तो फक्त बोलत नाही आणि रागावतही नाही.

चूक दाखवण्याची रीत मात्र जरा सविस्तर घेते, कारण तुमचं पत्र त्यातूनच आलं आहे.

फौजेत कुणी ओरडत नाही असं तुमच्या सुपरवायझरांना सांगू नका, ते खोटं होईल. तिथे चांगला रगडा मिळतो आणि सगळ्यांसमोर मिळतो. मग इथेच राग का? कारण तिथे ओरडणारा कोण, त्याने काय केलं आहे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. आणि सकाळी ओरडलेला माणूस रात्री त्याच तंबूत असतो, घरून वाईट फोन आला तर रजेसाठी तोच वर भांडतो. त्या नात्यामुळे ओरडा सोसला जातो. तुमचा सुपरवायझर समजा सत्तावीस वर्षांचा डिप्लोमा इंजिनिअर, त्याचं आणि हवालदारांचं नातं चार महिन्यांचं, आणि त्यातही त्याने कधी ‘जेवलात का’ विचारलं नसेल. वर ‘अरे-तुरे’. सातारा जिल्ह्यात गावोगावी निवृत्त शिपायालाही लोक आदराने ‘मेजर’ म्हणतात आणि पुढे ‘अहो’च येतं. कारखान्यात तेच ‘मेजर’ टिंगलीच्या सुरात येतं, पुढे ‘ए’ लागतो. वयाने मोठ्या माणसाला अहो-जाहो करायचं, एवढं साधं बंधन आधी घाला. कंत्राटी कामगारांनाही तेच लागू करा, नाहीतर ‘फौजी लोकांचे लाड’ अशी कुरबुर सुरू होईल आणि ती रास्त असेल.

चूक दाखवायची ती बाजूला घेऊन, त्याच शिफ्टमध्ये, थोडक्यात: काय झालं, त्याने काय अडलं, पुढच्या वेळी काय करायचं. ‘तुम्हाला एवढंही कळत नाही का’, ‘मिलिटरीत हेच शिकलात का’ यातलं एकही वाक्य नाही. दुसरं वाक्य विशेष घातक आहे. त्या माणसाच्या आयुष्यातली सगळ्यात अभिमानाची गोष्ट तुम्ही एका चुकलेल्या बिन कार्डासाठी, म्हणजे मालाच्या नोंदीच्या कार्डासाठी, खाली ओढता. आणि सुरक्षेचा प्रश्न असेल, कुणाचा हात प्रेसमध्ये जाणार असेल, तर जिथे आहात तिथून ओरडा. त्याचा राग कुणालाही येत नाही, फौजी माणसाला तर मुळीच नाही.

सुपरवायझरचीही बाजू मी विसरलेली नाही. त्याच्यावर तासागणिक आकड्यांचा ताण आहे, वरून त्याच्यावरही सगळ्यांसमोर ओरडलं जात असेल, आणि वडिलांच्या वयाच्या नाही तरी काकाच्या वयाच्या माणसाला काम सांगायचं कसं हे त्याला कुणी कधी शिकवलेलं नाही. प्रशिक्षणाच्या सुरुवातीला त्यांना विचारा: तुमच्या घरात, भावकीत फौजेत कोण आहे? साताऱ्याच्या पट्ट्यात, जिथे अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात पिढ्यान् पिढ्या घरटी माणूस फौजेत गेला, तिथे बरेच हात वर होतील. मग विचारा, ते घरी आले तेव्हा पहिली दोन वर्षं कशी गेली? पुढचा अर्धा तास तुम्हाला काही बोलावं लागणार नाही.

त्या चर्चेत काही गोष्टी आपोआप निघतील. निघाल्या नाहीत तर तुम्ही काढा. पहिली पेन्शनची. ‘तुम्हाला काय, पेन्शन आहे’ हे वाक्य ओव्हरटाइम नाकारताना, पगारवाढ लांबवताना आणि नुसतं चिडवताना सर्रास वापरलं जातं. पेन्शन मागच्या नोकरीची आहे. आजच्या कामाचा मोबदला आजच्या कामावरून ठरतो. हे प्लान्ट हेडनाही सांगा, कारण सुपरवायझर हे वाक्य बहुतेक वरूनच उचलतात. दुसरी कॅन्टीनची. मिलिटरी कॅन्टीनमधून एखादी बाटली आणून द्या, मिक्सर आणून द्या, अशी गळ सुपरवायझरनेच घातली तर तो माणूस कात्रीत सापडतो. कोटा त्याच्या नावावरचा, दुसऱ्याला देणं नियमात बसत नाही, आणि मागणारा त्याचा वरिष्ठ. ही मागणी करायचीच नाही, हे प्रशिक्षणात स्पष्ट शब्दांत येऊ द्या. तिसरी गोष्ट कुतूहलाची. ‘गोळी चालवली का, किती मारले’ हे जेवणाच्या सुट्टीत विचारायचे प्रश्न नाहीत. ‘कुठे-कुठे पोस्टिंग झालं, काम काय होतं’ हे जरूर विचारा. सांगण्यासारखं असेल ते माणूस स्वतः सांगतो.

काम काय होतं, हा प्रश्न तर नोकरीवर घेतानाच विचारायला हवा. तुमच्या पत्रात ‘बाकीचे गेटवर’ असं सहज येऊन जातं, आणि ते वाचून मला वाईट वाटलं. लष्कर म्हणजे फक्त बंदूक घेऊन उभं राहणं नाही. ईएमईमध्ये गाड्या आणि तोफा दुरुस्त करणारे असतात, सिग्नलमध्ये संदेशयंत्रणा चालवणारे, ऑर्डनन्स आणि आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये मोठमोठे साठे सांभाळणारे, इंजिनिअर रेजिमेंटमध्ये डोझर आणि जनरेटर चालवणारे. नौदल आणि हवाई दलातून येणाऱ्यांच्या हातात तर बहुतेकदा तांत्रिक कामच असतं. प्रत्येकाच्या डिस्चार्ज बुकात त्याचा ट्रेड आणि केलेले कोर्स नोंदलेले असतात. ते बुक तुमच्या विभागात फोटोकॉपी होऊन फाइलला लागतं आणि सुपरवायझरला कधी दिसत नाही. गेटवर उभ्या असलेल्यांची बुकं या आठवड्यात काढून वाचा. मेंटेनन्सला माणूस मिळत नाही म्हणून तुम्ही जाहिरात देत असाल आणि डिझेल इंजिन उघडून बसवणारा माणूस तुमच्याच गेटवर वाहनांचे नंबर लिहीत असेल, असं अगदी शक्य आहे. सुपरवायझरने पहिल्या महिन्यात एकदा अर्धा तास बसून ‘तुमच्या ट्रेडमधलं इथे काय उपयोगी पडेल’ हे विचारायचं, एवढं काम त्याच्या जबाबदारीत लिहून टाका. गेटची नोकरी कमी प्रतीची आहे असं मला म्हणायचं नाही. ती माणसाने निवडलेली असावी, इतकंच.

एक गोष्ट फार कमी ठिकाणी लक्षात घेतात. तोफखाना, रणगाडे, पायदळ, फायरिंग रेंज, विमानांचे तळ यांत वर्षं काढलेल्या अनेकांचं ऐकणं कमी झालेलं असतं, कधी एकाच कानाचं. मशीनच्या आवाजात मागून हाक मारली आणि उत्तर आलं नाही, तर सुपरवायझर म्हणतो ‘मुद्दाम दुर्लक्ष करतो’. समोर येऊन बोला, तोंड दिसेल असं उभं राहा, महत्त्वाची सूचना फळ्यावर लिहा. वार्षिक तपासणीत कानाचीही तपासणी होत असेल. तिचा निकाल डॉक्टर आणि त्या माणसापुरता राहू द्या, सुपरवायझरला फक्त ‘यांच्याशी समोरून बोला’ एवढंच कळवा. कुणाला कृत्रिम पाय असेल, गुडघा किंवा पाठ गेलेली असेल, तर २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याखाली खासगी आस्थापनेलाही समान संधीचं धोरण ठरवावं लागतं. बसायला स्टूल, जिना टाळणारी जागा, पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात जायला रजा, ही मेहेरबानी मानू नका.

आता त्या दोघा सुपरवायझरांचा प्रश्न. त्यांना रागावू नका. भीती वाटते म्हणून विचारताहेत. त्यांना आधी सांगा की आपल्याकडे दरवर्षी साधारण ६०,००० जण सैन्यदलांतून निवृत्त होतात, त्यात कारकून आहेत, चालक आहेत, स्वयंपाकी आहेत, दुरुस्ती करणारे आहेत. प्रत्येकाने लढाई पाहिलेली नसते, आणि पाहिलेल्यांपैकीही प्रत्येकाच्या मनावर ओरखडा राहतोच असं नाही. फौजी माणूस भडकणारच, असं गृहीत धरून वागलात तर तुम्हीच त्याला एकटा पाडता.

तरीही काहींना त्रास होतो. बरेचदा त्याचं मूळ लढाईत नसतंही. ३५ ते ४५ या वयात माणूस घरी येतो. मुलांना बापाची सवय नाही, बायकोने वीस वर्षं एकटीने घर चालवलेलं, म्हातारे आई-वडील, भावांच्या वाटण्या. पलटणीत रात्रंदिवस सोबत असलेली माणसं एका दिवसात गेली. हे सुपरवायझरने ओळखून निदान करायचं नाही. त्याने बदल टिपायचा, आणि तोही सगळ्यांच्या बाबतीत. रोज डबा सगळ्यांत बसून खाणारा माणूस दोन आठवडे एकटा बसतो, डोळे तारवटलेले दिसतात, कधी न चिडणारा लहानशा गोष्टीवर चिडतो. मग बाजूला, चहा घेताना, आडपडदा न ठेवता विचारायचं: ‘गेले काही दिवस तुमची झोप नीट होत नाहीये असं वाटतंय. कामातलं काही बदलून देऊ का?’ ‘काय झालंय’ असं थेट विचारलं की ‘काही नाही साहेब’ हेच उत्तर येतं. कामातलं काय बदलू, याला उत्तर देता येतं. महिनाभर रात्रपाळी काढून दिली तरी पुष्कळ फरक पडू शकतो.

त्याच्या पुढची वाट सुपरवायझरच्या खिशात लिहिलेली असावी. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा क्रमांक १४४१६. हा केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेला मोफत फोन आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. निवृत्त सैनिकांसाठी ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, पॉलिक्लिनिक साताऱ्यात आहे, पुण्यातही आहे. आणि कुणी जीव नकोसा झाल्यासारखं बोलला, तर त्याला एकटं सोडायचं नाही, शिफ्ट संपायची वाट बघायची नाही. त्याच क्षणी कारखान्याचे डॉक्टर आणि घरचे. हे सैनिक असो वा नसो, सगळ्यांसाठी. खंडेनवमीला मशीनपूजेनंतर गेटवर फटाके लावत असाल, तर आदल्या दिवशी सगळ्यांना वेळ सांगून ठेवा. कुणाला त्या वेळी स्टोअरच्या मागच्या बाजूला जायचं असेल तर तो जाईल, त्याची विचारपूस नको.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. पेन्शनसाठी वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो, बहुतेकांचा नोव्हेंबरात. त्या महिन्यात अर्धा दिवस मागितला तर सुपरवायझरने तोंड वाकडं करू नये. पेन्शन, मुलांची शिष्यवृत्ती, आरोग्य योजना अशा कामांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असतं. तिथल्या माणसाला एकदा कारखान्यात बोलवा. आणि सीमा सुरक्षा दल, सीआरपीएफ वगैरेंमधून आलेले कायद्याने ‘माजी सैनिक’ धरले जात नाहीत, त्यांना ईसीएचएस मिळत नाही. योजना वेगळ्या, पण वागणूक वेगळी ठेवायचं कारण नाही.

प्रशिक्षणाचा आराखडा आता तुमच्या लक्षात आला असेल. एका दिवसात सत्तर जणांना हॉलमध्ये बसवू नका. सात-आठ सुपरवायझरांचा गट, दोन तास, आणि चर्चेला तुमच्याच कारखान्यातले प्रसंग, नावं बदलून. तुमच्याकडच्या एका-दोघा माजी सैनिकांना, त्यांची खुशी असेल तरच, शिकवायला बसवा आणि त्या वेळेचा पगार द्या. नंतर महिनाभर प्रत्येक सुपरवायझरने आठवड्यातून एकदा दोन ओळी लिहायच्या: या आठवड्यात कुणाला काम नीट समजावून दिलं, कुणाची विचारपूस केली, कुणाला बाजूला घेऊन बोललो. महिन्याच्या शेवटी गट पुन्हा बसेल. यात खर्च जवळजवळ नाही. लागतो तो वेळ, आणि तो उत्पादनाच्या वेळेतला द्यावा लागेल. सुट्टीच्या दिवशी बोलावलंत तर पहिल्या मिनिटापासून सगळे घड्याळाकडे बघतील.

अमेरिकेत ओरेगॉन राज्यातल्या संशोधकांनी अगदी याच विषयावर काम केलं. माजी सैनिक ज्यांच्या हाताखाली आहेत अशा वरिष्ठांना संगणकावर तासाभराचं प्रशिक्षण दिलं आणि नंतर आपल्या वागण्याची नोंद ठेवायला लावली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष तुमच्या प्लान्ट हेडना जरूर सांगा. नुसत्या प्रशिक्षणाने सगळीकडे सरसकट फरक पडला नाही. जिथे वरिष्ठांचा आणि सहकाऱ्यांचा आधार आधीपासून बरा होता, तिथल्या माजी सैनिकांना त्याचा फायदा झाला, नोकरी सोडण्याचा विचार कमी झाला. तिथली परिस्थिती वेगळी, पण हे आपल्याकडेही पटण्यासारखं आहे. सकाळच्या मीटिंगमध्ये प्लान्ट हेड सुपरवायझरांवर सगळ्यांसमोर डाफरत असतील, तर दुपारच्या प्रशिक्षणात ‘बाजूला घेऊन बोला’ हे शिकवून काय होणार? म्हणून पहिल्या गटात प्लान्ट हेड बसतील, आणि उद्घाटनाला येऊन निघून जाणार नाहीत, एवढी अट तुम्ही घाला. अवघड आहे, मला कळतं. तुमच्या पदावरून हे सांगायला धीर लागतो. सोडून गेलेल्या प्रत्येकाच्या जागी नवा माणूस घेऊन तयार करायला किती आठवडे गेले, तो हिशेब सोबत घेऊन जा.

माजी सैनिकांसाठीही तास-दीड तास ठेवा. कारखान्यात कोण काय ठरवतो, ओव्हरटाइम कसा धरतात, ‘हे आज होणार नाही’ असं वरिष्ठाला सांगता येतं, धोका दिसला तर कुणालाही न विचारता मशीन थांबवता येतं. समजून घेण्याचं सगळं ओझं एकट्या सुपरवायझरवर टाकणं मला अन्यायाचं वाटतं.

व्याख्यान ठेवायचं असेल तर ठेवा, पण निवृत्त अधिकाऱ्याऐवजी निवृत्त सुभेदार बोलवा. माणसांकडून रोजचं काम करून घेणं, वर अधिकारी आणि खाली जवान यांच्यामध्ये उभं राहणं, हे सुभेदारांचं आयुष्य असतं. तुमच्या सुपरवायझरांचं कामही तेच आहे. १५ ऑगस्टचा सत्कारही करा, त्यात वाईट काही नाही. फक्त ज्यांना स्टेजवर यायचं नाही त्यांना ओढू नका, आणि सत्कार झाला म्हणून बाकीचं राहिलं तरी चालेल असं होऊ देऊ नका.

त्या हवालदारांकडे मात्र प्रशिक्षणाची वाट न बघता जा. फोन नको, घरी जा, सुपरवायझरला बरोबर न्या. त्याला आधी एकट्याला समजावा; तो मनापासून तयार नसेल तर तुम्ही एकट्या जा. राहिलेला हिशेब पूर्ण करून न्या आणि माफी मागा. ‘परत या’ असं पहिल्या भेटीत म्हणू नका, नाहीतर माफी सौद्यासारखी वाटेल. ते परत येवोत न येवोत, त्यांच्या गावातून पुढचा माणूस तुमच्याकडे येणार की नाही, हे बरंचसं या भेटीवर ठरेल.

आणि एक, ज्याची तयारी आतापासून हवी. अग्निपथ योजना जून २०२२ मध्ये जाहीर झाली आणि पहिल्या तुकड्यांचं प्रशिक्षण २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या सुरुवातीला चालू झालं. चार वर्षांनी त्यातल्या २५ टक्क्यांपर्यंत मुलांना पुढे ठेवतात, बाकीची घरी येतात. ती तुमच्या गेटवर उभी राहतील तेव्हा बावीस ते सत्तावीस वर्षांची असतील. हाताशी सेवा निधीचे, म्हणजे सेवा संपताना एकरकमी मिळणारे, साधारण पावणेबारा लाख, पण पेन्शन नाही. त्यांना ‘मेजर’ म्हणावं असं कुणाला वाटणार नाही, सुपरवायझर त्यांच्याच वयाचा असेल, आणि आपल्याला ठेवून घेतलं नाही हा सल बऱ्याच जणांच्या मनात असेल. ‘का नाही ठेवलं तुला?’ हा प्रश्न त्यांना कुणीही विचारायचा नाही, हे तुमच्या पहिल्याच प्रशिक्षणात सांगून ठेवा. आणि त्यांना घेताना चार वर्षांचा अनुभव धरूनच पगार ठरवा, फ्रेशरचा नको. तो आकडा वरून आत्ताच मंजूर करून घ्या. मुलं दारात आल्यावर घाईत ठरवला तर कमीच ठरेल.